उस्मानाबादी शेळी, एक सूक्ष्मदर्शक आणि पीएच.डी.ची वाट

सकाळी सकाळी मटणाच्या दुकानात एखादा पोरगा येतो आणि शेळीची आतडी मागतो. दुकानदाराला वाटते, वजडी हवी असेल. तो ती धुवायला घेतो. तेवढ्यात पोरगा घाईने म्हणतो, "मामा, धुऊ नका. आहे तशीच द्या." जे धुऊन नालीत टाकायचे, नेमके तेच त्याला हवे असते.

मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या कितीतरी पीएच.डी. अशा एखाद्या दुकानात नाही तर मासळीच्या टोपलीपाशी सुरू झाल्या आहेत. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या पोटातले पट्टकृमी हा इथल्या प्राणिशास्त्रज्ञांचा अनेक दशके आवडीचा विषय राहिला. त्यामागे साधे कारण होते. या विषयाला लाखोंची यंत्रे लागत नाहीत. एक बरा सूक्ष्मदर्शक, काही बाटल्या रसायने आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर काम उभे राहते. आणि कच्चा माल धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठल्याही गावात मिळतो.

ते काम जवळून पाहण्यासारखे आहे. आतडी ट्रेमध्ये मिठाच्या सौम्य पाण्यात लांब पसरायची आणि बारीक कात्रीने उभी उघडायची. आतल्या अस्तराला डोके लावून बसलेली पांढरी, चपटी फीत दिसली की हात शिवशिवतो, पण ती ओढायची नाही. ओढली की डोके तुटून अस्तरातच राहते, आणि डोके नसेल तर अनेक पट्टकृमींची ओळख पक्की होत नाही. कृमी हळूच सोडवायचा, दोन काचांमध्ये दाबून सपाट करायचा, चार टक्के फॉर्मेलिनमध्ये टिकवायचा. मग पाण्याने धुऊन हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचा. त्यानंतर अल्कोहोलच्या पायऱ्या येतात: ३० टक्के, ५०, ७०, ९० आणि शेवटी निव्वळ अल्कोहोल. प्रत्येक पायरीवर ऊतीतले थोडे थोडे पाणी निघून जाते. कुणी घाई करून एखादी पायरी उरकली, की शेवटी झायलीनमध्ये टाकताच सगळे दुधाळ होते आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. नीट जमले तर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्या फितीचा एकेक खंड काचेसारखा स्वच्छ दिसतो. त्यातली वृषणे मोजता येतात, अंडाशयाचा आकार काढता येतो. कॅमेरा ल्युसिडा नावाच्या साध्या आरसेवजा उपकरणाने कागदावर प्रतिमा पाडून विद्यार्थी पेन्सिलीने बाह्यरेषा गिरवतो. मोबाइलने फोटो काढता येत असतानाही हे चित्र काढण्याला मोल आहे. हाताने काढायला बसल्याशिवाय नजरेला निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

शेळीत वारंवार सापडणारा असा एक कृमी म्हणजे मोनीझिया. त्याची लांबी काही मीटर भरते. तो एका शेळीतून दुसरीत जातो कसा, हे फार काळ कोडे होते. अमेरिकेतील होरेस स्टंकार्ड यांनी १९३७ मध्ये ते उलगडले. मोनीझियाची अंडी लेंड्यांतून गवतात पडतात. तिथले डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट ती खातात, आणि गवताबरोबर माइट शेळीच्या पोटात जातो. दमट, मंद उजेडाच्या वेळी हे माइट गवताच्या शेंड्याकडे चढतात. पहाटेच्या दवात शेळ्या चरायला सोडू नका, हा पशुवैद्यकाचा सल्ला इथे येऊन भिडतो. पाटीवर चित्र काढून मोनीझियाचे जीवनचक्र शिकवणे वेगळे आणि सकाळी ओल्या रानात वाकून तो माइट शोधणे वेगळे. दुसरे ज्याने एकदा केले, त्याला संशोधन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. विद्यापीठ सुरू होण्याआधी या भागातली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ घराजवळ आल्यावर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, इथले प्राणिशास्त्रज्ञ शिंदे यांनी मरळ जातीच्या माशातल्या पट्टकृमीवरून एक नवी प्रजातीच जगासमोर मांडली: सर्कमऑन्कोबोथ्रियम. पुढे त्यांच्या आणि दुसरे प्राणिशास्त्रज्ञ जाधव यांच्या कामातून औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नावाचेही पट्टकृमी शास्त्रीय यादीत आले. त्यांचे विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत शिकवू लागले. धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मेलिनच्या बरण्यांची जी रांग दिसते, तिच्यामागे हा सगळा वारसा उभा आहे.

या कथेचा पुढचा भाग मात्र प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगायला हवा.

भारत आणि आग्नेय आशियातल्या मिशीवाल्या माशांमध्ये गँगेशिया नावाचे पट्टकृमी आढळतात. त्यांच्या आणि जवळच्या एका प्रजातीच्या मिळून ४८ जाती या प्रदेशातून नोंदल्या गेल्या होत्या. चेक प्रजासत्ताक, स्वित्झर्लंड आणि भारतातल्या संशोधकांनी त्या सगळ्यांची फेरतपासणी केली. संग्रहालयांतले मूळ नमुने पुन्हा पाहिले, नवे मासे उघडले, कृमींचा डीएनए वाचला. २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात निष्कर्ष आला. खऱ्या जाती ४. बाकीची नावे म्हणजे त्याच चार जातींची निराळी नावे किंवा ओळख न पटणारी वर्णने होती. या गटात मराठवाड्यातलेही एक प्राणिशास्त्रज्ञ होते, हे आवर्जून सांगायला हवे. आपल्याच भागातल्या कामाची फेरतपासणी आपणच करायला बसणे, हे विज्ञानाच्या तब्येतीचे चांगले लक्षण आहे.

४८ च्या ४ का झाल्या? कारण कृमी दाबला किती, टिकवला कसा, तो वयाने केवढा होता, यावर मोजमापे बदलतात. फरक दिसला की नवी जात, असे ठरवून टाकणे सोपे होते. शिवाय कितीतरी वेळा मूळ नमुना कुठल्याही संग्रहालयात ठेवलाच गेला नाही. तो कुणाच्या तरी कपाटात राहिला, सुकला, हरवला. नमुना नाही म्हटल्यावर पुढच्या माणसाने तपासायचे काय? आधीच्या पिढीला दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही. त्यांच्याजवळ डीएनए वाचायची सोय नव्हती, परदेशी नियतकालिके महिनोन् महिने मिळत नसत. पण प्रशिक्षणात एक गोष्ट राहून गेली होती: आपले काम उद्या दुसऱ्याला पडताळता आले पाहिजे, अशा रीतीने ते मागे ठेवून जाणे. पीएच.डी.मध्ये खरे तर हेच शिकायचे असते. कृमी, जिवाणू, वनस्पती हे त्यासाठीचे निमित्त.

आता वाटेविषयी. धाराशिवच्या बारावी सायन्सच्या मुलामुलींना नीट आणि जेईई तोंडपाठ असते, पण जीवशास्त्रातल्या संशोधनाची वाट कुठून जाते हे घरात कुणाला ठाऊक नसते. ती वाट तशी सरळ आहे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान. मग दोन वर्षांची एम.एस्सी. त्यासाठी आता पुण्या-संभाजीनगरलाच जायला हवे असे नाही. विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवमध्ये २००४ पासून आहे आणि तिथे जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. शेतकऱ्याची मुलगी सकाळी एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतू शकते. वसतिगृहाच्या खर्चापायी किंवा लांब पाठवायचे कसे या काळजीपायी जिचे शिक्षण बी.एस्सी.ला थांबले असते, तिच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

एम.एस्सी.नंतर चाळण लागते. विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तिला सगळे 'पेट' म्हणतात. राष्ट्रीय पातळीवर सीएसआयआर-यूजीसी नेट असते. जीवविज्ञानाचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेशही मिळू शकतो. या पेपरातल्या शेवटच्या भागाचा मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना धाक वाटतो, कारण तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. प्रयोगाचा आलेख समोर ठेवतात आणि विचारतात, यावरून काय सिद्ध होते, काय होत नाही? पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो. जीवशास्त्र मराठीतून समजून घेतलेल्या मुलाला आधी वाक्य उलगडावे लागते आणि मग प्रयोग. तीन तासांत तो तिथेच मागे पडतो. यावर उपाय एकच, आणि तो कॉलेजच्या हातात आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक छापून आलेला शोधनिबंध वर्गात मिळून वाचायचा, मराठीत त्यावर वाद घालायचा आणि मग इंग्रजीत चार ओळी लिहायच्या.

नेटमध्ये वरच्या क्रमांकाने निवड झाली की जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे महिन्याला ३७ हजार रुपये आणि पुढे ४२ हजार रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. 'अजून किती वर्षे शिकणार?' असा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, तिथे हा आकडा ठळकपणे सांगितला पाहिजे. चांगल्या संस्थेत पीएच.डी. करणारा विद्यार्थी घरच्यांच्या खिशातून शिकत नाही. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्थाही आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना पाठ्यवृत्ती देतात. ती वेळेवर मिळावी आणि तिच्या जागा वाढाव्यात म्हणून मात्र गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यात उपोषणाला बसावे लागले आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू मंजुरीच्या फाइलीसाठी थांबत नाही. पेट्रीडिशमधले माध्यम सुकते आणि महिनाभराचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. याची जाणीव मंत्रालयात व्हायला हवी.

प्रवेश मिळाल्यावरचे नियम यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने ठरवले. किमान तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे. महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. आधी कोर्सवर्क, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता. मग आराखडा समितीसमोर मांडायचा, दर सहा महिन्यांनी प्रगती दाखवायची, शेवटी प्रबंध आणि सर्वांसमोर तोंडी परीक्षा. चार वर्षांच्या नव्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम.एस्सी.शिवाय थेट पीएच.डी.चा दरवाजाही आता खुला आहे. एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी असावेत यालाही मर्यादा आहे: प्रोफेसरकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची निवड विद्यार्थी सर्वांत कमी विचार करून करतात. ती म्हणजे गाईडची. कुणाकडे जागा रिकामी आहे, कोण लवकर सही करतो, कोण ओळखीचा आहे, यावर ती ठरते. खरे विचारायचे प्रश्न निराळे आहेत. यांचे विद्यार्थी सध्या काय करतात? प्रयोगशाळेत आठवड्याला एकत्र बसून चर्चा होते का? फसलेल्या प्रयोगावर हे सर किंवा या मॅडम काय बोलतात? 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध नावनोंदणीआधी वाचावेत. एका संध्याकाळीत पुष्कळ गोष्टी कळतात.

प्रबंध जाड असला म्हणजे भारी, हा समजही सोडायला हवा. कमला सोहोनी यांचे उदाहरण पाहावे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने बी.एस्सी. झालेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी अटी घालून तिला घेतले गेले, आणि तिचे काम पाहून संस्थेने पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. मग केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाशी निगडित द्रव्य सापडले. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तो प्रबंध भरला अवघा चाळीस पानांचा. भारतात परतल्यावर तिने नीरेवर आणि गरिबांच्या आहारातल्या पोषणावर काम केले, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही सांभाळले.

पानांप्रमाणेच निबंधांच्या संख्येचाही आजार आहे. प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती होती, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली नियतकालिके तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्यांपैकी तपासलेल्या नियतकालिकांत ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी निबंध छापायला मोजलेल्या पैशांत एखाद्या मुलाला महिनाभर चांगल्या प्रयोगशाळेत राहता आले असते. २०२२ च्या नियमांत छापण्याची ती सक्ती निघाली, हे बरे झाले.

मग चांगले संशोधन कसे दिसते? त्यासाठी धाराशिवचीच, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादची, शेळी पुन्हा घ्यावी. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, काटक, कमी पाण्यात आणि बाभळीच्या पाल्यावर तगणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. दुष्काळात गाय-बैल विकावे लागले तरी घरात शेळी उरते. जुळे होण्याचा हा गुण कुठून येतो, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत मेंढ्यांच्या बाबतीत तळापर्यंत शोधला गेला. दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होते. बंगालच्या सुंदरबनातली गरोल मेंढी आकाराने लहान, पण दोन-तीन कोकरे देते. बनबिहारी निंबकर यांनी गरोल मेंढ्या फलटणला आणल्या. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हाच गुण दिसत होता. २००१ मध्ये त्याचे कारण समजले: एका जनुकातल्या एका अक्षराचा बदल. गरोलमध्येही तोच बदल सापडला. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पीएच.डी. केली आणि हे काम पुढे नेले. रक्ताच्या थेंबातला डीएनए पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासून कोणत्या मेंढ्याकडे हे जनुक आहे ते ठरवायचे आणि धनगरांच्या कळपात ते उतरवायचे. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. याच संस्थेत उस्मानाबादी शेळीच्या सुधारणेचाही प्रकल्प चालतो. बंगालची खाडी, ऑस्ट्रेलियाची कुरणे, पुण्याची प्रयोगशाळा आणि माणदेशातला वाडा यांना एका अक्षराने जोडणारे हे काम. त्यात पीएच.डी. एक टप्पा होती, शेवट नव्हे.

दुसरे उदाहरण बिनखर्चाचे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर प्रयोग केले. हा छोटा हिरवा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. जवळ माणूस उभा असेल तर तो चोचीत किडा धरून तारेवर ताटकळतो, बिळात शिरत नाही. विद्यार्थ्यांनी विचारले: त्याला भीती माणसाची आहे, की माणसाला आपले बीळ दिसेल याची? एकदा माणूस अशा जागी उभा केला की त्याला बीळ दिसते. मग तेवढ्याच अंतरावर, पण आडोशाला, जिथून बीळ दिसत नाही. घड्याळ लावून वेळा टिपल्या. बीळ दिसत नसे तेव्हा राघू अधिक बिनधास्त आत जाई. समोरच्याला काय दिसते याचा अंदाज त्या इवल्याशा पक्ष्याला येतो, असा तो निष्कर्ष २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात छापून आला. लागले काय? घड्याळ, वही आणि नेमका प्रश्न. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणा नदीच्या काठच्या दरडींत वेडा राघू दर उन्हाळ्यात बिळे करतो.

आणि रानाकडेही पाहावे. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला, कित्येक जिल्हे ओलांडून आलेला. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, आणि त्या खुणांवरून वाघ मोजण्याची रीत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत बसवली. येडशीच्या त्या फोटोनंतर गावोगाव भीतीची चर्चा झाली, ते स्वाभाविक आहे. पण जीवशास्त्राच्या वर्गात विचारायचे प्रश्न कितीतरी होते. तो कोणत्या नाल्या-टेकड्यांनी आला असेल? इतक्या छोट्या जंगलात खातो काय? विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भक्ष्य ओळखता येते. ही पद्धत एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आठवड्यात शिकवता येईल. वनविभाग आणि इथली महाविद्यालये यांनी ठरवले तर असे काम जिल्ह्यातच होईल.

जिल्ह्यात हुशारीचा दुष्काळ नाही. कमी आहे ती खऱ्या प्रयोगशाळेशी लवकर होणारी ओळख. कितीतरी मुले एम.एस्सी. होईपर्यंत मायक्रोपिपेट स्वतःच्या हातात धरत नाहीत. गटात एकजण करतो आणि बाकीचे वहीत निरीक्षण उतरवतात. ही ओळख करून देणारी एक चांगली सोय आहे, आणि ती ग्रामीण कॉलेजांत फार कमी जणांना ठाऊक असते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने नामवंत शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करायला पाठवतात. पाठ्यवृत्ती मिळते, प्रवासखर्च मिळतो. धाराशिवचा मुलगा त्यातून पुण्याच्या आयसरमध्ये, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दोन महिने राहू शकतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि साधारण दिवाळीच्या आसपास भरायचा असतो. आपल्याला काय करायचे आहे यावर एक छोटे टिपण लिहावे लागते, आणि एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते. ते पत्र मागायला विद्यार्थ्यांनी लाजू नये, आणि प्राध्यापकांनी ते त्याच आठवड्यात लिहून द्यावे.